उचल

'उचल' हा शब्द आमच्या पाथर्डी तालुक्यात शाळेचं तोंड न बघितलेल्या पोरालाही कळतो. पावसाळा सरत आला की मुकादम येतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो आणि त्या कोयत्यावर रोख रक्कम मोजून देतो. ती उचल. ऊस अजून शिवारात उभा असतो, घाम अजून गळायचा असतो, पैसा मात्र आधीच गेलेला असतो. कुणाचा लग्नात, कुणाचा दवाखान्यात, कुणाचा पत्र्याच्या दोन खोल्यांत. मग दसरा-दिवाळीला गाड्या भरून निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत माणूस कारखान्याच्या फडात उचल फेडत राहतो. पुष्कळदा ती फिटत नाही. उरलेली पुढच्या सालच्या उचलीत मिळवतात.

एका एकांकिकेच्या प्रस्तावनेत हे कुठून आलं, असं वाचणाऱ्याला वाटेल. तिसगावातल्या पोरांनी दोन वर्षं घासून ही संहिता लिहिली. एक गाजलेला नट, त्याचं पिणं, त्याचं घसरणं आणि त्याचं परत येणं, एवढाच विषय. वेळ पस्तीस मिनिटं. पहिली घंटा होते तिथं पडदा उघडतो, तिसरी होते तिथं पडतो. संहिता छापायची ठरली तेव्हा पोरं माझ्याकडं नाव मागायला आली. त्यांच्याकडं चार नावं होती, सगळी सिनेमाच्या पोस्टरवरची वाटावीत अशी. मी 'उचल' सुचवलं. पोरं गप्प झाली. मग एकजण म्हणाला, "सर, पण यात ऊस कुठंय?" त्याला उत्तर द्यायचं म्हणून ही प्रस्तावना लांबली आहे.

मी बारा-तेरा वर्षांचा असेन. आमच्या भागातल्या एका जत्रेत तमाशाचा फड उतरला होता. (उसाचाही फड आणि तमाशाचाही फड. आपल्या भाषेनं दोन्हींकडची मेहनत एकाच शब्दात बसवली आहे.) तिकिटाला पैसे नव्हते, म्हणून कनातीच्या मागच्या बाजूनं खालून डोकं घातलं. समोरच लोखंडी पेटीवर सोंगाड्या बसला होता. वर्षभर ज्याच्या नकला आम्ही करायचो, तो. एका हातात आरसा, एका हातात काजळाची डबी, आणि दोन्ही हात असे हलत होते की आरशातला कंदील नुसता नाचत होता. काजळाचं बोट डोळ्यापर्यंत पोचेना. भुवईच्या जागी गालावर रेघ गेली. फडमालक आत आला, त्यानं बघितलं, पोराला हाक मारली. जर्मनचा ग्लास आला. सोंगाड्यानं दोन्ही हातांनी धरून तो तोंडाला लावला. बाहेर ढोलकीवाला थाप तपासून बघत होता. थोड्या वेळानं सोंगाड्यानं पुन्हा आरसा घेतला आणि एका दमात दोन्ही भुवया काढल्या, कंपासनं काढाव्यात तशा. मालकानं खिशातून वही काढून काहीतरी टिपलं.

त्या रात्री गवळणीत आणि नंतर वगात त्यानं माणसं अशी हसवली की शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. आणि मी घरी एक पक्की समजूत घेऊन आलो: दारू पोटात गेली की कला वर येते. ही समजूत पुढं पुष्कळ वर्षं टिकली. माझीच कशाला, अख्ख्या महाराष्ट्राची टिकली. वहीत काय टिपलं हे मला फार उशिरा कळलं. तमाशा कलावंतही हंगामाच्या आधी मालकाकडून उचल घेतात, आणि हंगामात घेतलेला ग्लासही त्याच खात्यावर चढतो.

मराठी रंगभूमीला दारू नवी नाही. गणपतराव जोश्यांच्या हॅम्लेटचं कौतुक सांगणारे जुने लोक त्यांच्या पिण्याच्या गोष्टीही त्याच सुरात सांगायचे. आणि गडकऱ्यांनी तर दारूवरच नाटक लिहिलं. 'एकच प्याला' गंधर्व नाटक मंडळीनं १९१९च्या फेब्रुवारीत बडोद्याला रंगमंचावर आणलं, तेव्हा गडकरी जाऊन महिनाही झाला नव्हता. त्या नाटकातलं सिंधूचं सोसणं आणि तळीरामाचे विनोद सगळ्यांना आठवतात. मी वर्गात शिकवताना नेहमी एका वेगळ्या जागी थांबायचो. सुधाकर दारू सोडतो. खरोखर सोडतो. आणि मग काम मागायला चांगल्या घरांच्या पायऱ्या चढतो. ज्यांनी त्याला शुद्धीवर ये म्हणून उपदेश केला असता, तीच सभ्य माणसं त्याला दारातून परत पाठवतात. त्यानंतर तो पुन्हा पितो. पहिल्या प्याल्याला तळीराम जबाबदार होता, हे खरं. या दुसऱ्या पहिल्या प्याल्याची जबाबदारी गडकऱ्यांनी कुणावर टाकली, हे परीक्षेत कधी विचारलं गेलं नाही.

आता डॉक्टरांकडं येतो. नाटकवाल्यांत 'डॉक्टर' म्हटलं की दोघं समोर येतात, घाणेकर आणि लागू. पोरांची एकांकिका कुणा एकाचं चरित्र नाही, त्यातल्या नटाला त्यांनी मुद्दाम नाव दिलेलं नाही. पण डॉ. काशिनाथ घाणेकरांची सावली तिच्यावर आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

चिपळूणचा, १९३०चा जन्म. शिक्षणानं दंतवैद्य. वसंत कानेटकरांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' १९६२ साली गोवा हिंदू असोसिएशननं केलं आणि त्यातला संभाजी बघायला लोक पुन्हापुन्हा तिकिटं काढायला लागले. बापावर रुसलेला, आतून पेटलेला मुलगा मराठी प्रेक्षकानं इतक्या जवळून आधी बघितला नव्हता. चार वर्षांनी 'अश्रूंची झाली फुले' आलं. प्रभाकर पणशीकरांचे प्राध्यापक विद्यानंद म्हणजे तत्त्वाचा पुतळा, आणि समोर घाणेकरांचा लाल्या, कॉलेजातला उनाड. लोक प्राध्यापकांचा आदर करत घरी जायचे आणि घरी जाऊन लाल्यासारखे केस विंचरायचे. श्री. ना. पेंडश्यांच्या 'गारंबीचा बापू'तला बापूही तसाच, गावानं ओवाळून टाकलेला. संभाजी, लाल्या, बापू. तिन्ही भूमिका ओळीनं मांडल्या की दिसतं, या नटाकडून प्रेक्षकाला एकच गोष्ट हवी होती: बेबंदपणा. आणि ती हवीशी गोष्ट पडदा पडल्यावरही चालू राहावी, अशी प्रेक्षकाची छुपी इच्छा होती.

वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीत बाकीच्या नटांची नावं आधी यायची, आणि शेवटी, वेगळ्या ओळीत, 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर'. मी व्याकरणाचा मास्तर. 'आणि' हे उभयान्वयी अव्यय, दोन गोष्टी जोडतं, असं आयुष्यभर फळ्यावर लिहिलं. इथं ते एका माणसाला बाकी सगळ्यांपासून तोडत होतं. त्या तीन टिंबांत काय मावायचं? प्लॅन उघडला की तासाभरात लागणारी हाऊसफुल्लची पाटी मावायची. नट स्टेजवर यायच्या आधीच, नुसता विंगेतून आवाज आला तरी पडणारी टाळी मावायची.

माझा मुद्दा त्या टाळीपाशी आहे. वाक्य म्हटल्यावर मिळते ती मजुरी. वाक्याच्या आधीच मिळते ती उचल. ज्याला रोज रात्री आधीच टाळी मिळते त्याला रोज रात्री ती फेडावी लागते, आणि कालच्यापेक्षा जरा जास्त. नाटकात नटाच्या पैशाला 'नाईट' म्हणतात. एका प्रयोगाची एक नाईट. टाळीच्या हिशेबाला मात्र तसा शब्द नाही, तो कुणी मांडतच नाही.

आणखी एक गंमत, जिचं हसू येत नाही. हे सगळं ज्या राज्यात चाललं होतं ते कागदोपत्री दारूबंदीचं राज्य होतं. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९चा. पुढं तो सैल झाला, परवाने आले, दुकानं आली. पण कायद्याच्या नावात दारूबंदी आजही आहे. म्हणजे घाणेकरांच्या उमेदीच्या काळात पिणाऱ्या माणसासाठी समाजाकडं दोनच शब्द होते. सामान्य माणूस प्यायला तर गुन्हेगार, कलावंत प्यायला तर कलंदर. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं १९५६मध्येच मद्यासक्तीला आजार म्हणून मान्यता दिली होती. आपल्याकडं 'रुग्ण' हा तिसरा शब्द यायला बराच उशीर लागला. जो माणूस स्वतः डॉक्टर, त्यालाही तो शब्द कुणी लावला नाही.

घाणेकरांचं पिणं ही झाकून ठेवलेली गोष्ट नव्हती. कांचन घाणेकरांनी 'नाथ हा माझा' या पुस्तकात ती घरातून बघून लिहिली आहे, आणि आपल्याकडं नटांच्या बायकांनी लिहिलेल्या पुस्तकांत इतकं थेट लिखाण कमीच. त्यातला तपशील इथं उतरवणार नाही, ते पुस्तकच वाचावं. काळही बदलत होता. १९७०च्या डिसेंबरात त्याच गोवा हिंदूनं 'नटसम्राट' आणलं, डॉ. श्रीराम लागूंचा अप्पा बेलवलकर आला, आणि प्रेक्षकाला न ओरडता हलवणारा अभिनय कळायला लागला. लागूसुद्धा डॉक्टरच, कान-नाक-घशाचे. एका डॉक्टरची टाळी दुसऱ्या डॉक्टरकडं गेली असं गंमतीनं म्हणतात. मला ते इतकं सोपं वाटत नाही. टाळी तेवढीच राहिली, तिची जात बदलली.

आणि तरीही घाणेकर परत आले. १९७६चा 'हा खेळ सावल्यांचा' आजही टीव्हीवर लागला की आमच्या घरात स्वयंपाक खोळंबतो. १९८० साली 'गारंबीचा बापू' सिनेमा झाला आणि स्टेजवरचा तो बापू त्यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर पडद्यावर केला. नाटकाचे दौरे चालू राहिले. २ मार्च १९८६ रोजी अमरावतीत, दौऱ्यावर असतानाच ते गेले. वय पंचावन्न. याला पुनरागमन म्हणायचं का, यावर पोरांची माझ्यादेखत दोन संध्याकाळी भांडणं झाली. काम परत मिळालं, लोक परत आले, मग पुनरागमन झालंच की, असं एक बाजू म्हणे. दुसरी बाजू म्हणे, स्टेजवर परत येणं आणि बाटलीकडून परत येणं हे दोन निरनिराळे रस्ते आहेत, पहिल्यावर टाळ्या असतात, दुसऱ्यावर कुत्रंही भुंकत नाही. मी दुसऱ्या बाजूचा. संहितेत तुम्हाला दोन्ही बाजू सापडतील, कारण भांडण मिटलंच नाही.

१९८६ हे सालच विचित्र. मार्चमध्ये घाणेकर गेले. २९ ऑगस्टला पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. अनिल अवचट तेव्हा ब्राऊन शुगरच्या, म्हणजे गर्दच्या, नादी लागलेल्या पोरांवर लिहीत होते. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी एक लाख रुपये दिले, आणि त्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचटांनी केंद्र उभं केलं. एका नाटककारानं आणि त्याच्या नटी-लेखिका बायकोनं दिलेल्या पैशातून महाराष्ट्राला तो तिसरा शब्द मिळाला, हे नाटकवाल्यांनी विसरू नये. आणि त्याच सालच्या सप्टेंबरात 'नाम' प्रदर्शित झाला.

'नाम' म्हणजे संजय दत्तचं पहिलं पुनरागमन. पहिला सिनेमा 'रॉकी' यायच्या पाचच दिवस आधी, ३ मे १९८१ला, आई नर्गिस गेली होती. ड्रग्ज त्याआधीच लागले होते, हे त्यानं स्वतःच मुलाखतींतून सांगितलं आहे. सुनील दत्तनी त्याला उपचाराला अमेरिकेत पाठवलं, तो बरा होऊन आला आणि महेश भट्टच्या सिनेमात वाट चुकलेला भाऊ झाला. पुढची कथा सगळ्यांना पाठ आहे: १९९३, तुरुंग, २००३चा 'मुन्नाभाई', पुन्हा तुरुंग, २०१६च्या फेब्रुवारीत सुटका. तो तुरुंग येरवड्याचा. मुक्तांगणही येरवड्यातच. नकाशात दोन्ही जवळजवळ, पण पुण्यात 'येरवड्याला पाठवा' म्हटलं की लोकांना वेड्यांचं इस्पितळ नाहीतर तुरुंगच आठवतो. २०१८ साली जूनमध्ये 'संजू' आला आणि दिवाळीत सुबोध भावेंचा 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर'. पोरांनी दोन्ही मोबाईलवर बघितले. मला विचाराल तर दोन्हींत एकच खोट: पिण्याचे प्रसंग फार देखणे आहेत.

दत्त वाचला आणि घाणेकर गेले, यातून मी नशिबाचं गणित मांडत नाही. एवढंच दिसतं की एकाच्या बापाकडं अमेरिकेचं तिकीट काढण्याइतका पैसा होता, आणि आजाराला आजार म्हणण्याइतकी अक्कलही. आमच्या भागात यातलं काहीच नसतं. आमच्याकडं असते ती दारूबंदीच्या मतदानातली आडवी बाटली. गावातल्या निम्म्याहून जास्त बायांनी मत दिलं की दुकान बंद. पारनेरला राळेगणसिद्धीत तर त्याच्याही कितीतरी आधी गावानंच दारू हाकलली होती. आणि दुसऱ्या बाजूला पांगरमल आहे. २०१७च्या फेब्रुवारीत, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या पार्टीत वाटलेल्या विषारी दारूनं तिथं माणसं मेली. घाट चढून गेलं की लांब नाही ते गाव. दुकान बंद झाल्यावर पिणाऱ्याच्या अंगाचं काय होतं, हे आडव्या बाटलीच्या मतपत्रिकेवर लिहिलेलं नसतं.

त्याचीच गोष्ट सांगतो. तालमी शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये व्हायच्या. मुख्य भूमिका करणारा पोरगा बारावीचा. पहिल्या प्रवेशात नट झोकांड्या देत मेकअप रूममध्ये येतो, असं दिग्दर्शकानं बसवलं होतं. सिनेमात असतं तसं. पोरानं दोन दिवस झोकांड्या दिल्या, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "हे असं नसतं." मग त्यानं स्वतःच्या मनानं करून दाखवलं. तो नीट चालत आला, खुर्चीवर बसला, समोरचा चहाचा कप उचलला. बशीवर कप वाजायला लागला. किणकिण किणकिण. त्यानं कप खाली ठेवला, दुसऱ्या हातानं मनगट धरलं, पुन्हा उचलला. पुन्हा किणकिण. मग कप तसाच टेबलावर ठेवून त्यानं मान खाली नेली आणि ओठ कपाला लावले. शेडमध्ये कुणी हललं नाही. हात प्यायल्यानं थरथरत नाहीत, न प्यायल्यानं थरथरतात. शेवटच्या ग्लासानंतर सहा-आठ तासांत ते सुरू होतं, रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम तोडली तर एक-दोन दिवसांत फिटसुद्धा येते, म्हणून डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडायची असते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्याला विचारलं, तू कुठं वाचलंस? "वाचलं नाही सर. सकाळी शाळेला निघताना बघायचो."

तेव्हा मला कनातीमागचा सोंगाड्या पन्नासेक वर्षांनी पुन्हा दिसला. दारूनं त्याची कला वर आली नव्हती. दारूनं त्याला फक्त बाकीच्या माणसांइतकं नॉर्मल केलं होतं, दोन तासांपुरतं. भुवया काढणं त्याचं स्वतःचं होतं.

संहितेतला दुसरा प्रवेश त्यामुळं सगळा बदलला. आता नट सोडून आठ महिने झालेत, तालुक्याच्या गावी पहिला प्रयोग आहे, आणि कंत्राटदार प्रेमानं बाटली घेऊन आला आहे. त्याला घात करायचा नाही. हात थरथरणारा नट त्यानं बघितलेला आहे आणि रंगलेला नटही बघितलेला आहे, त्याला रंगलेला हवा आहे. हा कंत्राटदार पोरांनी कमालीचा गोड लिहिला आहे. मला तो गडकऱ्यांच्या तळीरामाच्या घरचाच वाटतो, फक्त व्यवस्थित इस्त्री केलेला. तिसरा प्रवेश जरा लांबला आहे, नटाच्या बायकोला आणखी चार वाक्यं हवी होती असं मी सांगून बघितलं, पोरांनी ऐकलं नाही.

ज्या मंडळांना ही एकांकिका करायची असेल त्यांनी खुशाल करावी, मानधनाचा प्रश्न नाही. प्रकाशयोजना साधी आहे, एक आरसा आणि त्याच्याभोवतीचे बल्ब. एकच सूचना. स्टेजवरच्या बाटलीत आणि ग्लासात कोल्ड्रिंक भरू नये, फेस येतो आणि पहिल्या रांगेला कळतं. कोरा चहा करावा, पावडर जरा जास्त टाकावी, पूर्ण गार होऊ द्यावा, मग दोनदा गाळून भरावा. आमच्याकडं तो त्या पोराचे वडील करून आणतात. प्रयोगाच्या आधी तासभर येतात, बाटली उजेडात धरून रंग बघतात, ग्लासात किती बोटं ओतायचा ते स्वतः मोजून ओततात आणि मागं जाऊन बसतात.

तिसगाव, ता. पाथर्डी